कोलकात्यात नव्याने रुजू झालेल्या अर्थशास्त्राच्या मास्तरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन. तुम्ही कोलकात्यात दाखल झाला आहात आणि सोमवारी तुमचा पहिला तास आहे. पिशवीत सूक्ष्म अर्थशास्त्राचं जाडजूड पाठ्यपुस्तक आहे. त्यातला तो नेहमीचा गृहस्थ सफरचंद घ्यावं की संत्रं, या विवंचनेत पहिल्या प्रकरणापासून बसलेला आहे. त्याला बायको नाही, सासू नाही, घाई नाही आणि सुट्या पैशांची अडचण तर नाहीच नाही. तुमच्या समोरची मुलं मात्र बसच्या दांड्याला लोंबकळत, ऑटोवाल्याशी हुज्जत घालत आणि महिनाअखेरची शेवटची नोट जपत वर्गात पोचलेली असतात. म्हणजे अर्थशास्त्र करूनच ती आलेली असतात. त्यांना पुन्हा सफरचंदांपासून सुरुवात करायला लावू नका.

ही मार्गदर्शिका अगदी नवख्यांसाठी आहे. अनुभवी मंडळींनी वाचली नाही तरी चालेल. त्यांच्याकडे नोट्स असतात.

रोजच्या कोड्यांतून शिकवायच्या या पद्धतीचा शोध आपण लावलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट फ्रँक आपल्या मुलांना एक छोटा निबंध लिहायला लावत. मर्यादा पाचशे शब्दांची. रोजच्या व्यवहारात दिसलेली एखादी चमत्कारिक गोष्ट घ्यायची, ती तशी का आहे हे विचारायचं आणि अर्थशास्त्राच्या एखाद्या साध्या तत्त्वाने उत्तर द्यायचं. आकडेमोड नको, आलेख नको. त्या निबंधांमधून 2007 मध्ये त्यांचं एक गाजलेलं पुस्तक झालं. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध कोडं असं: गाडीत बसूनच वापरायच्या एटीएमच्या बटणांवर ब्रेलचे ठिपके कशाला? उत्तर सरळ आहे. ठिपक्यांची बटणं एकदा बनवायला घेतली की सगळीकडे तीच लावणं स्वस्त पडतं, दोन प्रकारची ठेवणं महाग. कोडं छान आहे, पण इथल्या वर्गात नेऊ नका. कोलकात्याची वाहतूक पाहिलेल्या मुलांना त्यात काहीच चमत्कारिक वाटत नाही.

साहित्य

चपला (बूट नकोत, पावसाळ्यात कॉलेज स्ट्रीटवर पाणी घोट्याच्या वर चढतं), छत्री, खिशात मावणारी वही आणि विचारायला न लाजणारं तोंड. कॉलेजने प्रोजेक्टर दिला असेल तर सही करून घ्यावा आणि कपाटात ठेवावा.

पायरी पहिली: बसमध्ये चढा

सरकारी नको, खासगी. निळ्या-पिवळ्या रंगाची, लाकडी फळ्यांच्या तळाची, आत शिरताना मान आपोआप झुकते ती. तिच्या ड्रायव्हरला आणि कंडक्टरला ठरलेला पगार नसतो. दिवसभरात जितकी तिकिटं फाटतील त्यातला काही हिस्सा ड्रायव्हरचा, त्याहून कमी कंडक्टरचा, उरलेलं मालकाचं. वर्गात एवढंच सांगा आणि खाली बसा. पुढचं सगळं मुलांनी पाहिलेलं आहे.

त्यांनी काय पाहिलेलं असतं? एकाच नंबरच्या दोन बस मागेपुढे लागल्या की पुढची स्टॉपवर जेमतेम वेग कमी करते आणि मागची तिला गाठायला फुटपाथला घासत जाते. याला इथे रेषारेषी म्हणतात आणि वर्तमानपत्रांत तो शब्द बहुधा अपघाताच्या बातमीतच येतो. तीच बस, तोच ड्रायव्हर दुपारी दोन वाजता मात्र स्टॉपवर मुक्काम ठोकतो. कंडक्टर दारात लटकून गाडी रिकामी असल्याची ग्वाही देत असतो आणि आतले घामाघूम प्रवासी बसच्या पत्र्यावर थापा मारून 'चला हो' म्हणत असतात. सकाळी अंगात वारं, दुपारी समाधी. माणसाचा स्वभाव दुपारच्या जेवणाने इतका बदलतो का?

मुलं आधी ड्रायव्हरला शिव्या देतील. देऊ द्या, फळ्यावर लिहू मात्र नका. मग कोणीतरी म्हणेल, की स्टॉपवर उभा असलेला प्रवासी कोणाच्याच मालकीचा नसतो, जो आधी पोचेल त्याचा. मागे दुसरी बस असेल तर थांबणं तोट्याचं, कारण पुढच्या स्टॉपचे प्रवासी ती पळवणार. मागे कोणी नसेल तर थांबणं फायद्याचं, कारण थांबलं की प्रवासी वाढतातच. गायरानात सगळ्यांची गुरं का वखवखतात आणि समुद्रात सगळ्यांचीच जाळी बारीक का होत जातात, हा धडा पाठ्यपुस्तकात चारशेव्या पानाच्या आसपास येतो. तो इथे पहिल्या तासाला पदरात पडला.

आता दुसरा प्रश्न टाका. शर्यतीत बसचा पत्रा चेपतो आणि तो खर्च मालकाचा. मग मालक सरळ पगार का देत नाही? इथे मुलांना मालक व्हायला लावा. मालक घरी बसलाय. बसमध्ये किती माणसं चढली हे त्याला कळायला मार्ग नाही. पगारी ड्रायव्हरला शर्यत करायचं कारण उरणार नाही, तसंच थांबायचंही कारण उरणार नाही. या ठिकाणी वर्गातली निम्मी मुलं एकदम बोलू लागतील, कारण भर उन्हात हात दाखवूनही न थांबलेली सरकारी बस प्रत्येकाने पाहिलेली असते. तिचे लोक पगारी. एका पद्धतीत प्रवाशाच्या जिवाला धोका, दुसरीत प्रवासी नसला तर बरंच. अपघात झाला की कमिशन बंद करण्याची भाषा होते, काही दिवसांनी ती विरते, आणि ती का विरते हे मुलांनी आत्ताच शोधून काढलेलं असतं.

तिसरा प्रश्न हुशारांसाठी राखून ठेवा. दहा रुपयांचं तिकीट फाडलं तर कंडक्टरच्या हाती काही पैसेच येतात. तिकीट न फाडता नोट खिशात घातली तर पूर्ण दहा. मग तो तिकीट फाडतोच कशाला? यावर वाद पेटेल. एक जण म्हणेल, ड्रायव्हरचाही हिस्सा तिकिटांवरच असतो, त्यामुळे आरशातून त्याचा डोळा कंडक्टरवर असतो. दुसरा म्हणेल, दोघांनी संगनमत केलं तर? तिसरी म्हणेल, त्याच मार्गावर दुसऱ्याही बस धावतात, त्यांच्या रोजच्या गल्ल्याचा आकडा मालकाच्या कानावर असतो, रोजच कमी भरणा दाखवला तर नोकरी जाईल. ही तिसरी मुलगी पुढे नाव काढणार. तिला तसं सांगू नका.

बसमधून उतरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट नीट पाहून ठेवा. कंडक्टरच्या डाव्या हाताच्या बोटांमध्ये लांबट घड्या घातलेल्या नोटा असतात, तळव्यात पातळ कागदाच्या तिकिटांची गड्डी, आणि चळत वाजवल्यासारखा तो तिच्यावरून अंगठा फिरवत असतो. कोणाला उतरायचं असेल तर तो पत्र्यावर थाप मारतो. धडधाकट तरुण उतरणार असेल तर बस फक्त मंदावते आणि तरुणाने धावत उतरायचं असतं. बाई उतरणार असेल तर तो ओरडतो, "आस्ते लेडीज, कोले बाच्चा!" कडेवर मूल असो वा नसो. बस पूर्ण थांबवणं म्हणजे काही सेकंद घालवणं, त्या सेकंदांचं मोल मागच्या बसच्या अंतरावर ठरतं, आणि ते कोणासाठी खर्च करायचे याचा निर्णय हा माणूस दिवसातून शेकडो वेळा घेतो. सीमांत खर्च म्हणजे काय, असं मुलांनी विचारलं तर व्याख्या सांगू नका. ही आरोळी सांगा.

पायरी दुसरी: उत्तर सापडलं की त्याला कामाला लावा

नवखे मास्तर इथेच घसरतात. उत्तर सापडलं की टाळ्या, आणि पुढचं कोडं. अर्थशास्त्राचं उत्तर फार स्वस्त असतं. जरा सराव झाला की कुठल्याही विचित्र गोष्टीला 'प्रोत्साहन' हा शब्द चिकटवता येतो आणि वर्ग माना डोलावतो. म्हणून उत्तर मिळाल्यावर विचारा: हे खरं असेल, तर आणखी काय दिसायला हवं? कमिशनमुळे शर्यत होत असेल तर ती एकाच मार्गाच्या बसमध्ये व्हायला हवी, वेगवेगळ्या मार्गांच्या बसमध्ये फारशी नको. शेवटच्या एक-दोन स्टॉपवर ती थंडावायला हवी, कारण तिथे चढणारं कोणी नसतं. पगारी बसमध्ये ती दिसायलाच नको. मुलांना दोन-दोनच्या जोड्यांनी शामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावर, गडियाहाटला, सियालदाला उभं करा. वही देऊन. पहिल्या दिवशी ती आडोशाला चहा पीत बसतील. दुसऱ्या दिवशीही. हरकत नाही, तिथून बस दिसते.

ट्राम, असेपर्यंत

इथली पहिली ट्राम 1873 मध्ये धावली, घोड्यांची. नंतर वीज आली आणि दोन डब्यांची ट्राम शहराची ओळख झाली. पुढचा डबा पहिल्या वर्गाचा, त्यात पंखे. मागचा दुसऱ्या वर्गाचा, त्यात पंखे नाहीत. दोन्ही एकाच गाडीचे, दोन्ही एकाच वेळी पोचणार, भाड्यात फरक काही पैशांचा. मागच्या डब्यात चार पंखे लावायला असा कितीसा खर्च आला असता?

मुलं म्हणतील, गरिबांचा छळ. बंगालात हे उत्तर पिढीजात तयार असतं आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पण आता फ्रान्सच्या ज्यूल द्युप्वी या इंजिनिअरला वर्गात आणा. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसतं, या प्रश्नावर त्याने 1849 मध्येच बोट ठेवलं होतं. छपराचा खर्च किरकोळ असतो. कंपनीला गरिबाशी वैर नसतं. ज्याला वरच्या वर्गाचं तिकीट परवडतं त्याने खालच्या वर्गात बसू नये, एवढाच तिचा हेतू असतो. मार बसतो गरिबाला, पण धाक श्रीमंताला. हे ऐकल्यावर मुलांना विमानातल्या गुडघे टेकणाऱ्या खुर्च्यांपासून मोबाइलवरच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे पंखे काढून घेतलेले दिसू लागतात. दोन-तीन दिवस ती घरच्यांना छळतात, मग शांत होतात.

ट्रामच्याच तासाला 1953 चा जुलैही घ्या. ट्राम कंपनी तेव्हा इंग्रजांची होती आणि तिने भाडं एका पैशाने वाढवलं. पुस्तकी हिशेबाने एका पैशाने मागणी किती घटेल? जवळजवळ शून्य. प्रत्यक्षात लोकांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला, ट्रामगाड्या जळाल्या, गोळीबार झाला आणि एका पैशाची ती वाढ मागे पडली. मागणीच्या वक्राला राग येत नाही, माणसांना येतो. हे वाक्य मुलं वहीत लिहून घेतील. घेऊ द्या, पण परीक्षेत त्याला गुण देऊ नका.

हा तास लवकर उरकून घ्या. एस्प्लनेड ते मैदान एवढा एक वारशाचा मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करणार असल्याचं सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेलं आहे.

पायरी तिसरी: पाऊस पडेपर्यंत थांबा

ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट. तासभर दणकून पाऊस झाला की या भागात गाड्या बंद पडतात आणि हातरिक्षा बाहेर येतात. त्यांची चाकं उंच, त्यांना इंजिन नाही, बुडायला काही नाही. ज्या माणसाच्या रिक्षाकडे काल कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं, त्याच्या घंटीच्या आवाजाकडे आज सगळी गल्ली वळून पाहते. भाडं दुप्पट, तिप्पट, तो म्हणेल ते. कायद्याने ही रिक्षा बंद करायचा घाट विधानसभेत 2006 मध्येच घातला गेला होता. ती अजून आहे, आणि पावसात तिच्यावाचून काम अडतं.

कोडं भाड्याचं नाही. ते पहिल्या वर्षाची मुलंही सोडवतात. कोडं असं, की मोबाइलवरची टॅक्सी पावसात दीडपट भाडं मागते तेव्हा 'लूट चालवलीय' म्हणून तावातावाने ओरडणारे काका हातरिक्षावाल्याला तिप्पट देऊन वर 'बिचारा' म्हणतात. का? डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1986 मध्ये एक पाहणी छापली. हिमवादळानंतरच्या सकाळी दुकानदाराने बर्फ उपसायच्या फावड्याची किंमत 15 डॉलरवरून 20 केली, हे योग्य का? 82 टक्के लोकांनी अयोग्य म्हटलं. कोलकात्याचे काका त्या 82 टक्क्यांतलेच. मग रिक्षावाल्याला सूट कशी?

माझं उत्तर असं, की रिक्षावाल्याचे कष्ट समोर दिसतात. तो कंबरभर पाण्यात आहे, आपण वर कोरडे बसलो आहोत आणि ते वाढीव पैसे कोणाच्या खिशात गेले हे डोळ्यांपुढे आहे. यात आणखी एक बारकावा आहे. बहुतेक रिक्षा त्याच्या स्वतःच्या नसतात. तो मालकाला रोजचं ठरलेलं भाडं देतो, ऊन असो की पाऊस. त्यामुळे पावसाची जास्तीची कमाई सगळी त्याची, आणि कोरड्या दिवसाचा तोटाही सगळा त्याचाच. बसच्या कमिशनशी हे ताडून पाहायला सांगा. जोखीम कोणी उचलायची, या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरं आहेत. यातला जास्त गरीब माणूस जास्त जोखीम का उचलतो, हा प्रश्न वर्गात टाकला की थोडा वेळ कोणी बोलत नाही. मी तिथेच तास संपवतो.

मासळीबाजारात मास्तरांनी कसं वागावं

काही विकत घ्यायचं नसेल तर जाऊ नये. घ्यायचं असेल तर मुलं बरोबर असू नयेत, कारण तुमची घासाघीस पाहून पुरवठा आणि मागणी यांवरचा त्यांचा विश्वास उडेल.

मासेवाला मोठ्या उभ्या विळीमागे मांडी घालून बसलेला असतो, विळीचा पाट पायाखाली दाबून. समोर इलिश आकाराप्रमाणे रांगेत. पाचशे ग्रॅमच्या माशाचा किलोचा भाव एक आणि सव्वा किलोच्या माशाचा किलोचा भाव त्याहून पुष्कळ जास्त. साखर जास्त घेतली तर स्वस्त पडते, मग मासा मोठा घेतला तर महाग का? मुलं म्हणतील, मोठ्याला तेल जास्त, चव जास्त. बरोबर. पुढे कोणी म्हणेल, मोठा व्हायला मासा जास्त दिवस जगावा लागतो आणि जाळी त्याला जगू देत नाहीत. तेही बरोबर. दोन बरोबर उत्तरांपैकी कोणतं किती बरोबर, हे कसं ठरवायचं? इथे वर्ग अडकतो. अडकू द्या.

मग जामाईषष्ठी आणा. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला बंगाली सासू जावयाला जेवायला बोलावते. आपल्याकडे अधिक महिन्यात तेहतीस अनारशांवर जावयाची बोळवण होते, इथे पानात इलिश लागतो. आता कॅलेंडर उघडा. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून समुद्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, माशांना अंडी घालता यावीत म्हणून. जामाईषष्ठी बहुतेक वेळा त्याच काळात येते. म्हणजे ताज्या माशाचा पुरवठा वर्षातला सगळ्यात तुटपुंजा आणि मागणी अशी, की भाव ऐकून सासू मागे फिरली तर पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा नाही. पुस्तकातली ती उभी सरळ मागणीरेषा, जी जगात कुठे नसते असं तुम्हाला शिकवलं होतं, ती त्या सकाळी गडियाहाट बाजारात पिशवी घेऊन उभी असते.

"सर, मग सासू आधीच घेऊन का ठेवत नाही?" असं कोणीतरी विचारेलच. तिच्या वतीने शीतगृहवाला ठेवतो. तो साठेबाज की समाजसेवक, यावर दोन गट पाडून वाद घडवा. डाव्या घरांतली मुलं एका बाजूला जातील, व्यापारी घरांतली दुसऱ्या, आणि शेवटी दोन्ही गट गोठवलेल्या इलिशला चव नसते यावर एकमत करतील.

इशारा

सन 1965. पश्चिम बंगालात दुधाचा तुटवडा. मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी आणली, म्हणजे संदेश गेला आणि रसगुल्लाही. कोडं घालायला याहून सोन्याची घटना नाही. दुधाचा भाव कोणत्या दिशेला जाईल? छेना करणाऱ्या गवळ्याचं काय? हलवाई दुसरं काय विकेल? बेसनाचा भाव? शेजारच्या राज्यातून येणाऱ्या पाहुण्याच्या ट्रंकेचं वजन? दोन तास सहज निघतात.

तिसऱ्या तासाला मात्र कोणीतरी उठून सांगेल की 1967 च्या निवडणुकीत सेन आरामबागमध्ये पडले ते रसगुल्ल्यामुळे. गोष्ट इतकी गोड आहे की खरी मानावीशी वाटते. ते पडले हे खरं. अजय मुखर्जींनी त्यांना हरवलं हेही खरं. पण मधल्या 1966 मध्ये बंगालात अन्नधान्याची भीषण टंचाई होती, अन्न आंदोलनात माणसं मेली होती, आणि काँग्रेस फुटून मुखर्जींचा बांगला काँग्रेस पक्ष निघाला होता. भात मिळत नसलेल्या माणसाने रसगुल्ल्यासाठी मत बदललं, असं म्हणायला पोट भरलेलं असावं लागतं. अर्थशास्त्राच्या कोड्यांची सगळ्यात मोठी खोड हीच आहे. उत्तर जितकं चटकदार, तितकी पडताळणी कमी होते. चटकदार उत्तराला दुप्पट झोडपायचं, हा नियम माझ्या वर्गात आहे. मुलांना तो आवडत नाही.

खास मराठी मास्तरांसाठी

तुमचं आडनाव कळताच मागच्या बाकावरून 'बर्गी' असा शब्द ऐकू येईल. रागावू नका. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी, म्हणजे बर्ग्यांनी, बंगालला दिलेला त्रास इथल्या आया अजून अंगाईत सांगतात. या संधीचं सोनं करा. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. मराठ्यांच्या धास्तीने 1742 मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला सुरुवात झाली, खर्चाचा भार रहिवाशांवर. खंदक अर्धवटच राहिला, मराठे काही कोलकात्यावर चालून आले नाहीत आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. प्रश्न: पैसे वाया गेले का? ज्याने विमा काढला आणि जो मेला नाही, त्याचे गेले का? आणि शेजाऱ्याने वर्गणी दिली नाही तरी खंदक त्याच्याही घराला राखणार होता, मग त्याने का द्यावी? हे शिकवताना चेहऱ्यावर अपराधीपणा आणू नका, अभिमानही आणू नका.

तुम्ही इथे आलेले पहिले मराठी नाही, हेही ध्यानात असू द्या. निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर, मुंबईच्या. कोलकात्याच्या समाजविज्ञान अध्ययन केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि कोलकात्यातल्या असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या बायांवरचं त्यांचं पुस्तक 1985 मध्ये आलं. त्यांचे यजमान दीपक बॅनर्जी प्रेसिडेन्सीत अर्थशास्त्र शिकवत. या घरातल्या अभिजित विनायक बॅनर्जी यांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तेही गरिबाच्या दारी जाऊन छोटे छोटे प्रश्न विचारण्याच्या कामाबद्दल. मुलाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही आईचं पुस्तक ग्रंथालयातून काढा. रस्त्यावर उत्तर तयार ठेवून जायचं नसतं, विचारायला जायचं असतं, हे त्यात पानापानावर दिसतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कॉलेज स्ट्रीटवर सगळी पुस्तकांची दुकानं एकाच ठिकाणी का?* हे कोडं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सोडवून झालेलं आहे, आणि त्याआधी अर्थशास्त्रज्ञ हॉटेलिंगने 1929 मध्ये. त्यापेक्षा हे पाहा: एखादं पुस्तक नसेल तर दुकानदार तुम्हाला स्टुलावर बसवतो, पोऱ्याला शेजाऱ्याकडे पिटाळतो आणि ते पुस्तक आणून स्वतः विकतो. प्रतिस्पर्धी प्रतिस्पर्ध्याला माल का देतो? यावर सत्र निघेल.

*ऑटोवाला सुट्यांसाठी इतका का भांडतो?* जुन्या मुलांना विचारा. सन 2007 च्या सुमाराला इथे नाण्यांचा असा दुष्काळ पडला होता की दुकानदार सुट्याऐवजी गोळ्या देत. नाणी चोरून बांगलादेशात जातात आणि तिथे वितळवून दाढीची पाती होतात, अशा बातम्या तेव्हा आल्या. नाण्यावरच्या आकड्यापेक्षा त्याचा धातू महाग झाला की नाणं बाजारात का टिकत नाही, हे फळ्यावर न लिहिताही कळतं. नोटाबंदीनंतर उलटं झालं, नाणी इतकी साचली की दुकानदार ती घेईनात.

*हे परीक्षेत येईल का?* नाही. परीक्षेत सफरचंद येईल.

*मग शिकवायचं कशाला?* हा प्रश्न मुलांचा नसतो, विभागप्रमुखांचा असतो. त्यांना चहा पाजा.

*अभ्यासक्रम पूर्ण कसा करायचा?* निम्मा दुर्गापूजेच्या आत उरका. पंचमीनंतर वर्गात कोणी येत नाही. सुटीसाठी एकच कोडं द्या: मंडप बघायला तिकीट नाही, कोणालाही अडवत नाहीत, वर्गणी चुकवणाराही रांगेत उभा राहून देवी पाहतो. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने असा उत्सव पैशांअभावी बंद पडायला हवा. ब्रिटिश कौन्सिलने 2019 च्या पूजेचा अभ्यास करून तिच्याभोवतीच्या कला-उद्योगांची उलाढाल 32,377 कोटी रुपये धरली आहे. मग खर्च कोण करतं, आणि का करतं? उत्तर लिहून कोणीही आणणार नाही. पण या वेळी मंडपाच्या कमानीवर कोणाची जाहिरात किती मोठी होती, हे सगळे पाहून येतील. पुढचा तास तिथून सुरू करा.